मालगाडीच्या शेपटाला बसणारा माणूस

लहानपणी रेल्वे फाटकावर अडकलो की आम्ही वाघिणी मोजायचो. वॅगनची वाघीण ज्या कुणी केली त्याला कानाची जाण होती, कारण रुळांवरून ती धडधडत गेली की नाव शोभायचं. चाळीसच्या पुढे आमची मोजणी हमखास चुकायची. शेवट मात्र चुकायचा नाही. सगळ्यात शेवटी गार्डचा डबा यायचा, आणि त्याच्या उघड्या ओट्यावर बगलेत हिरवी झेंडी धरून गार्ड उभा असायचा. आम्ही हात हलवायचो, मनात आलं तर तोही हलवायचा, मग फाटकवाला दांडा वर करायचा.

या डब्याचा अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे कबूस. दीडशे वर्षांच्या आसपास तिकडच्या जवळजवळ प्रत्येक मालगाडीच्या शेपटाला तो होता. लाल रंगाचा, डोक्यावर छोटी माडी असलेला हा डबा मुलांच्या चित्रांत आणि खेळण्यांत जाऊन बसला. मग १९८० च्या दशकात, बघता बघता, तो रुळांवरून गेला. एवढा मोठा डबा इतकी वर्षं कशासाठी लागत होता, आणि एकाएकी लागेनासा कसा झाला, हे समजून घ्यायचं तर आधी इंजिनात बसावं लागेल.

समजा तुमच्या मागे शंभर वाघिणी आहेत. गाडी दीड किलोमीटर लांब. वळण सोडलं तर मागचं काही दिसत नाही. मधली एखादी कडी तुटून शेवटच्या वीस वाघिणी मागेच राहिल्या, तर तुम्हाला कळणार कसं? कुठे चाकाजवळ धूर निघतोय, ब्रेक शेवटपर्यंत लागताहेत की अर्ध्यावरच, मागून दुसरी गाडी तर येत नाही? वायरलेसच्या आधीच्या जमान्यात याला एकच उपाय होता. शेपटाला माणूस बसवा. कबूसबद्दल जे काही आहे ते सगळं या उपायातून आलंय.

माणूस बसवला की त्याला ऊब लागते, जेवण लागतं, झोपायला फळी लागते. कबूस हा शब्दच मुळात डच खलाशांच्या बोलीतला, जहाजावरच्या स्वयंपाकाच्या खोलीचा. आत कोळशाची शेगडी, बाकडी, कागदपत्रांचं मेज, कंदील, पाण्याचं पिंप. शेगडीच्या वरच्या कडेला लोखंडी कठडा असायचा, कॉफीचं भांडं घसरू नये म्हणून. हा कठडा नीट समजून घेण्यासारखा आहे. दोन वाघिणींमधल्या जोडात थोडी ढिलाई असते. इंजिन निघालं की पहिली वाघीण ओढली जाते, मग दुसरी, मग तिसरी, आणि ही ढिलाई मागे मागे साठत जाते. आगगाडी-आगगाडी खेळताना शेवटच्या पोराला कसा हिसका बसतो, तसा शंभराव्या डब्याला बसतो. इंजिनातला माणूस हळूच निघालेला असतो, आणि मागे कबूसमधला माणूस बाकावरून खाली आलेला असतो. कित्येकांची हाडं अशी मोडली. हा मुद्दा पुढे कंपन्यांनी कबूस काढून टाकायच्या बाजूने वापरला, आणि तो खोटा नव्हता.

या डब्याचा मालक म्हणजे कंडक्टर. आपल्याला कंडक्टर म्हटलं की एसटी आणि तिकिटांची पेटी आठवते. अमेरिकेत मालगाडीचा कंडक्टर हा अख्ख्या गाडीचा कारभारी. कुठली वाघीण कुठे सोडायची, कुठली उचलायची, कुणाचा माल कुठल्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळाला, सगळा हिशेब त्याच्याकडे. इंजिनचालकसुद्धा त्याच्या शब्दावर चालणार. बऱ्याच कंपन्यांत कंडक्टरला कबूस कायमचा नेमून दिलेला असे, आणि मग तो घरासारखा ठेवला जाई. कामगारांनी त्याला नावंही पुष्कळ ठेवली. त्यातलं सर्वांत लाडकं ‘क्रमी’, म्हणजे उवांनी भरलेला.

कंडक्टरबरोबर ब्रेकमन असायचे, आणि सुरुवातीच्या काळात खरा जीव जायचा तो यांचा. तेव्हा प्रत्येक वाघिणीला स्वतंत्र हातब्रेक होता, त्याचं चाक छपरावर. इंजिनाने शिट्टी दिली की ब्रेकमन कबूसमधून निघून छपरावर चढायचा, एका वाघिणीवरून दुसरीवर उडी मारत पुढे जायचा आणि प्रत्येक चाक पिळून ब्रेक आवळायचा. गाडी चालू असताना. रात्री, पावसात, बर्फावरून. पाय घसरला की दोन डब्यांच्या मध्ये.

हे बदललं जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या हवेच्या ब्रेकने. त्याचा १८६९ चा पहिला ब्रेक अगदी सरळ होता: नळीतून हवा सोडा, ब्रेक लागेल. खोट अशी की नळी फाटली तर ब्रेकच नाही. मग १८७२ मध्ये त्याने सगळं उलटं केलं, आणि त्याची खरी हुशारी इथे दिसते. नळीत हवेचा दाब कायम भरलेला ठेवायचा, आणि प्रत्येक वाघिणीखालच्या टाकीत थोडी हवा साठवायची. नळीतला दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब उतरला, मग तो चालकाने उतरवलेला असो की नळी फाटून उतरलेला, प्रत्येक वाघीण आपल्याच टाकीतली हवा वापरून आपला ब्रेक लावणार. गाडी मध्येच तुटली तर दोन्ही तुकडे आपोआप थांबणार. १८९३ साली अमेरिकी संसदेने हवेचे ब्रेक आणि आपोआप जुळणारे जोड सक्तीचे करणारा कायदा केला, आणि छपरावरची धावपळ ओसरत गेली.

ब्रेकमनचं छपरावरचं काम संपलं, तरी कबूस राहिला. कारण बाकीचे प्रश्न तसेच होते. आता कबूसमध्ये दाबाचा काटा बसला आणि एक झडप. काट्यावर कळायचं की हवा शेवटपर्यंत पोचते आहे, आणि वेळ आली तर झडप ओढून शेपटाकडून ब्रेक लावता यायचा. ही झडप लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

बघण्याचं कामही वाढलं. तेव्हाच्या ॲक्सलची टोकं पितळी बेअरिंगखाली फिरायची आणि त्या खोक्यात तेलात भिजवलेल्या सुताचे बोळे कोंबलेले असत. बैलगाडीच्या आसाला वंगण नसलं की काय होतं ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. इथे फरक एवढाच की वर कित्येक टन माल. सूत सुकलं की धातू तापायचा, धूर यायचा, रात्री लाल निखारा दिसायचा, आणि तरीही कुणी पाहिलं नाही तर ॲक्सल तुटून गाडी रुळाखाली. म्हणून नजर कायम बाहेर हवी. छपरावरच्या काचेच्या माडीचा जन्म यातूनच झाला. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा टी. बी. वॉटसन नावाचा कंडक्टर १८६३ मध्ये आयोवात छपराला भोक पडलेला डबा कबूस म्हणून वापरत होता. खोक्यांवर बसून भोकातून डोकं बाहेर काढलं तर अख्खी गाडी दिसते, हे त्याला कळलं, आणि त्याने कारखान्याला तिथे काचेची माडी बांधायला सांगितली, असं सांगतात. रेल्वेच्या दंतकथा जरा जास्तच गुळगुळीत असतात, पण माडी तर आलीच.

पुढे वाघिणी उंच झाल्या आणि माडीतून समोर भिंतच दिसू लागली. यावर तोड काढली ओहायोतल्या अ‍ॅक्रन, कँटन अँड यंगस्टाउन या चिमुकल्या रेल्वेने, १९२३ मध्ये. तिने माडी काढून टाकली आणि डब्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या खिडक्या दिल्या, जुन्या वाड्याच्या सज्जासारख्या. आता गाडीच्या कडेने थेट पुढे बघता यायचं, आणि हिसका बसला तरी उंचावरून पडायची भीती नाही. काही वर्षांत बाल्टिमोर अँड ओहायोसारख्या बड्या कंपन्यांनी हीच खिडकी उचलली.

राहिला प्रश्न मागून येणाऱ्या गाडीचा. गाडी आडरानात थांबली की शेवटचा ब्रेकमन कंदील, झेंडी, जळत्या नळ्या आणि रुळावर लावायचे फटाके घेऊन उलट दिशेने चालू लागायचा. पुरेसं अंतर गेला की रुळाला फटाके बांधायचा. मागच्या गाडीचं चाक त्यावरून गेलं की धडाम, आणि चालकाला इशारा. आपली गाडी निघायची वेळ झाली की इंजिन शिट्टी देऊन त्याला परत बोलवायचं. मग पळत यायचं, कारण गाडी फार वेळ थांबत नसे.

आता फ्लोरिडाला जाऊ. आपल्याकडे रेल्वे म्हटलं की एकच मोठी सरकारी संस्था डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मालवाहतूक करणाऱ्या खासगी कंपन्या सहाशेच्या वर आहेत: थोड्या अवाढव्य, बाकी प्रादेशिक किंवा अगदी तालुक्यापुरत्या. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट ही त्यातली प्रादेशिक. जॅक्सनव्हिल ते मायामी, समुद्राला धरून ३५१ मैल. स्टँडर्ड ऑइलमधून गडगंज झालेल्या हेन्री फ्लॅग्लरने ती उभी केली, १८९६ मध्ये मायामीपर्यंत नेली, आणि १९१२ मध्ये बेटांवरून पूल टाकत थेट की वेस्टला. तो समुद्रावरचा तुकडा १९३५ च्या चक्रीवादळात वाहून गेला. कबूसच्या इतिहासात मात्र या रेल्वेचं नाव येतं ते एका संपामुळे.

जानेवारी १९६३. देशभरच्या रेल्वे कंपन्यांनी गाडीवर काम न करणाऱ्या कामगारांना, म्हणजे कारकून, कारखान्यातले मेकॅनिक वगैरेंना, ताशी १०.२८ सेंट वाढ मान्य केली होती. फ्लोरिडा ईस्ट कोस्टने नाही म्हटलं. कंपनीची सूत्रं एड बॉलच्या हातात होती, आणि हा माणूस तडजोडीसाठी प्रसिद्ध नव्हता. अकरा युनियन संपावर गेल्या, आणि गाड्या चालवणाऱ्यांनी त्यांची फळी ओलांडायला नकार दिला. कंपनीने काही दिवसांतच साहेब लोकांना आणि नव्या भरतीला इंजिनावर बसवून गाड्या सुरू केल्या. मग रूळ उखडणं, सुरुंग लावणं सुरू झालं. फेब्रुवारी १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन पलाटकाला एका कालव्याच्या समारंभासाठी आलेले असताना, तिथून थोड्याच मैलांवर मालगाडी उडवली गेली. जॉन्सनने एफबीआयला कामाला लावलं. संप एक दशकाहून अधिक चिघळला.

संपकऱ्यांशिवाय रेल्वे चालवताना कंपनीने जुने नियमही बाजूला ठेवले. तोवर अमेरिकेत मालगाडीवर सहसा पाच जण असत: चालक, फायरमन म्हणजे इंजिनाची भट्टी सांभाळणारा, कंडक्टर आणि दोन ब्रेकमन. १०० मैल म्हणजे एक दिवसाचा पगार, हा वाफेच्या जमान्यातला हिशेब. डिझेल इंजिनाला फायरमन कशाला, हा वाद देशभर चालूच होता. फ्लोरिडा ईस्ट कोस्टने वाद घातलाच नाही. दोन माणसांत गाडी चालवायला लागली, आणि दोघेही इंजिनात. मग मागे रिकामा कबूस ओढत न्यायचा कशाला?

नुसतं हटवादीपणाने हे जमलं नसतं. फ्लोरिडाची जमीन पोळपाटासारखी सपाट आणि मार्ग सरळ, त्यामुळे घाटातल्या भीती इथे नव्हत्या. शिवाय कबूसमधल्या माणसाचं एकेक काम रुळांनी आणि यंत्रांनी उचलायला सुरुवात केली होती. त्यातलं सर्वांत साधं आणि सर्वांत सुंदर म्हणजे ट्रॅक सर्किट. रुळांच्या ठरावीक तुकड्यात बारीकशी वीज सोडलेली असते, एका रुळातून जाते, दुसऱ्यातून परत येते. त्या तुकड्यावर एक जरी चाकजोडी आली तर लोखंडी ॲक्सल दोन्ही रूळ जोडून टाकतो, वीज वाटेतच वळते, आणि सिग्नल लाल होतो. गाडी तुटून एखादी वाघीण मागे राहिली तर तो तुकडा लालच राहणार. म्हणजे कंदील घेऊन मागे पळणाऱ्या ब्रेकमनचं काम आता रूळच करतो. तापलेल्या ॲक्सलसाठी रुळाकाठी उष्णता ओळखणारी यंत्रं बसली, आणि तेलाच्या बोळ्यांची जागा रोलर बेअरिंगनी घेतली. कंडक्टरच्या हातात वायरलेस आला.

उरला तो दाबाचा काटा. १९६९ मध्ये फ्लोरिडा ईस्ट कोस्टने शेवटच्या वाघिणीच्या जोडावर एक पेटी टांगायला सुरुवात केली. ही पेटी पुढे अख्ख्या देशाने घेतली. साधारण १५ किलोची, एकट्या माणसाने उचलून अडकवता येईल एवढी. तिची नळी गाडीच्या हवेच्या नळीला जोडायची, दिवा लावायचा. नंतरच्या पेट्या शेपटाचा दाब मोजतात, शेपूट हलतंय की थांबलंय हे ओळखतात आणि वायरलेसने इंजिनातल्या पडद्याला कळवतात. रेल्वेवाले तिला लाडाने ‘फ्रेड’ म्हणतात, ‘फ्लॅशिंग रिअर-एंड डिव्हाइस’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून. तिच्यात शेगडी-बाकडी नाही, पण एक डबा ओढायचा खर्च वाचला, आणि डब्यातली माणसंही.

बाकीच्या देशाला हे पचायला वेळ लागला, कारण तिकडे युनियन शाबूत होत्या आणि काही राज्यांचे कायदेच कबूस हवा म्हणत होते. १९८२ मध्ये रेल्वे कंपन्या आणि कामगार युनियन यांच्यात करार झाला आणि कबूसशिवाय गाड्या चालवायची वाट मोकळी झाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत मुख्य मार्गांवरून कबूस गेले.

आता ती झडप. कबूसमधला माणूस नुसतं बघत नव्हता, तो शेपटाकडून ब्रेकही लावू शकत होता. सुरुवातीच्या फ्रेडला फक्त बोलता यायचं, करता काही यायचं नाही. हे कुठे नडतं? हवेची नळी मध्येच कुठेतरी बंद पडली, तर चालकाने ब्रेक लावला तरी दाब फक्त अडथळ्यापर्यंत उतरतो. मागच्या वाघिणींना काही कळतच नाही. त्या ढकलत राहतात. १ फेब्रुवारी १९९६ ला कॅलिफोर्नियाच्या कहोन घाटात नेमकं असंच घडलं. मालगाडी उतारावर सुटली, दोन कर्मचारी गेले, आणि शेपटाकडून ब्रेक लावायची सोय तिथे कामाला आली नाही. १९९७ पासून अशा बहुतेक गाड्यांवर दुतर्फा पेटी सक्तीची झाली: चालकाने इंजिनातला खटका दाबला की शेपटाकडची पेटी हवा सोडून देते. थोडक्यात, डोळे १९६९ ला बदलले, हात बदलायला पुढची २८ वर्षं लागली.

एका कबूसची आठवण मात्र मला कायम अस्वस्थ करते. ६ जुलै २०१३, कॅनडातलं लाक-मेगांतिक. माँट्रिअल, मेन अँड अटलांटिक ही तिथली प्रादेशिक रेल्वे एकाच माणसात गाड्या चालवायची. त्या गाडीला पाच इंजिनं, ७२ तेलाच्या टाक्या, आणि पहिल्या इंजिनामागे एक कबूस होता. शेपटाला नव्हे, पुढे. आत माणूस नव्हता, रिमोट कंट्रोलची यंत्रणा होती, एकट्या माणसाला गाडी चालवता यावी म्हणून बसवलेली. रात्री चालक गाडी उतारावर उभी करून झोपायला गेला. नंतर इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा पंप बंद. ब्रेकमधली हवा हळूहळू झिरपून गेली. उरले ते हातब्रेक, तेच पिळून आवळायचे, १८६० सालचे. सात लावलेले होते. चौकशीत निघालं की किमान १७ तरी लागले असते. गाडी सुटली, गावाच्या मध्यभागी घसरली, ४७ माणसं गेली. जो डबा माणसं बसवायला जन्मला, तोच इथे माणूस कमी करायला जोडलेला होता.

आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि शेवटच्या डब्यावर पेटी लावून मालगाड्या चालवायची तयारीही चालू आहे. तिकडे वाद पुढे सरकलाय. कबूसमधून इंजिनात आलेल्या कंडक्टरची खुर्ची तरी ठेवायची की नाही? एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने बहुतेक गाड्यांवर किमान दोन माणसं हवीत असा नियम काढला, छोट्या रेल्वेंना काही सवलती देऊन.

जुने कबूस आज पार्कांत आहेत, संग्रहालयांत आहेत. पेन्सिल्वेनियात रॉंक्सजवळ १९७० पासून कबूसचं मोटेलच आहे. काही अजून नोकरीतही आहेत. कारखान्यांच्या छोट्या फाट्यांवर इंजिन वळवायला जागा नसते, तिथे गाडी मैलच्या मैल उलटी ढकलावी लागते, आणि उलट्या गाडीचं शेपूट म्हणजे तोंड. तिथे जुना कबूस लावतात. शेगडी काढलेली, खिडक्यांना पत्रा ठोकलेला, दाराला कुलूप. कंडक्टर बाहेरच्या ओट्यावर, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात वायरलेस. मागे लांबवर इंजिन, ज्यातून चालकाला यातलं काहीच दिसत नाही. तो फक्त ऐकतो: दहा डबे, पाच, तीन, एक, बस्स.